नेरुळच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय सामना टीव्हीवर दाखवायचाय? पहिल्यांदा आखणी करणाऱ्यांसाठी

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा माझ्या हातात कॅमेऱ्यांची यादी होती आणि मी धरून चालले होते की आखणी झाली. यादीत चूक नव्हती. पण मिड-विकेटच्या कॅमेऱ्याची केबल ज्या दरवाज्यातून नेली होती, तो दरवाजा सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांसाठी उघडा राहणार होता. हे मला आदल्या रात्री दहाला कळलं. ती केबल पुन्हा गुंडाळून दुसऱ्या बाजूने फिरवेपर्यंत चार मुलांना पहाटेचे तीन वाजले, आणि तीच चार मुलं सकाळी आठला पुन्हा कामावर हजर होती. त्यांचे चेहरे मी विसरलेले नाही. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

ठाणे, ऐरोली, पनवेलकडची बरीच मुलंमुली आता प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर किंवा असिस्टंट म्हणून या कामात येतात. पहिलाच सामना मोठा मिळतो आणि कुणी बसवून शिकवत नाही. ज्या क्रमाने मी आज काम करते, त्याच क्रमाने सांगते.

१. आपण होस्ट आहोत की पाहुणे, हे आधी विचारा

विश्वचषकासारख्या स्पर्धेत मैदानावरचं मुख्य चित्रण एकच टीम करते. ती होस्ट ब्रॉडकास्टर. तिच्याकडून निघणारा थेट चित्र-आवाजाचा सिग्नल म्हणजे वर्ल्ड फीड, आणि जगभरातल्या वाहिन्या तोच घेतात. तुमची कंपनी होस्ट असेल तर पूर्ण मैदान तुमचं. नसेल तर तुम्हाला एखादा मुलाखतीचा कोपरा, एखादी कॉमेंट्री बूथ, दोन-तीन कॅमेऱ्यांची जागा मिळते आणि बाकी सगळं फीडवर.

पाहुणे असाल तर क्लीन फीड हवा की डर्टी, हे पहिल्याच दिवशी लेखी कळवा. क्लीन म्हणजे स्कोअरपट्टीशिवायचा, डर्टी म्हणजे पट्टीसकट. आपली मराठी ग्राफिक्स लावायची असतील आणि डर्टी फीड आला, तर एका पट्टीवर दुसरी पट्टी चढते. मैदानाचा आवाज कॉमेंट्रीशिवाय वेगळा येतो, त्याला इंटरनॅशनल साऊंड म्हणतात. मराठी कॉमेंट्री मुंबईच्या स्टुडिओत बसून होणार असेल तर तो मागितल्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर समालोचकाच्या मागे इंग्रजी कॉमेंट्री ऐकू येत राहील.

आणखी एक. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचा थेट सिग्नल, हक्क घेणाऱ्या वाहिनीने आपल्या जाहिराती वगळून प्रसार भारतीला द्यावाच लागतो. हा २००७ चा कायदा आहे. म्हणजे एक जादा स्वच्छ लाइन धरूनच चला.

२. तारीख आणि मैदान पेन्सिलीने लिहा

२०२५ चा महिला एकदिवसीय विश्वचषक आठवा. त्यातले काही सामने बंगळुरूला ठरले होते. ऑगस्टमध्ये ते नवी मुंबईला आले आणि ३० सप्टेंबरला स्पर्धा सुरूसुद्धा झाली. अंतिम सामन्याचं मैदान तर पाकिस्तान बाहेर पडेपर्यंत पक्कं नव्हतं. पाकिस्तान अंतिम फेरीत गेलं असतं तर तो कोलंबोला झाला असता. २०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात तर ब्राझील-इंग्लंड हा उपांत्य सामना पावसाने मैदान खराब झालं म्हणून अवघे दोन दिवस आधी गुवाहाटीहून कोलकात्याला हलवला. दुसरा उपांत्य सामना, स्पेन-माली, आपल्या नेरुळलाच होता.

हे वाचून घाबरू नका. करायचं एवढंच, की प्रत्येक बुकिंगच्या पुढे एक तारीख लिहून ठेवा: ‘या दिवसापर्यंत रद्द केलं तर पैसे बुडत नाहीत.’ हॉटेल, ट्रक, जनरेटर, क्रेन, सगळ्यांच्या पुढे. माझ्या वहीत त्यासाठी लाल रकाना असतो. मैदान बदलल्याचा फोन आला की आधी तो रकाना वाचायचा, मग बाकीचे फोन.

३. रेकी सामन्याच्याच वेळेला करा

सकाळी अकराला, सावलीत, रिकाम्या स्टेडियमची रेकी, म्हणजे आगाऊ पाहणी, करून येणारे खूप बघितलेत. सामना दिवस-रात्र असेल तर दुपारी अडीचला जा आणि दिवे लागून तासभर होईपर्यंत थांबा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच्या आधीचा तासभर फार छळतो. पूर्वेच्या स्टँडमधून मैदानाकडे रोखलेल्या लेन्समध्ये ऊन थेट घुसतं. त्याच वेळी छताची सावली मैदानावर सरकत असते. गोलंदाज उन्हात, फलंदाज सावलीत. रॅक्सवर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचा रंग-उजेड जुळवायच्या जागी, बसलेला माणूस आयरिस (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) सतत कमीजास्त करत बसतो. कोणत्या जागेवर किती वाजता ऊन येतं, हे मोबाइलवर फोटो काढून वेळेसकट ठेवा. दिग्दर्शकाला शंभर शब्दांपेक्षा ते फोटो पटतात.

या स्टेडियमची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे: छताला मध्ये खांब नाहीत, त्यामुळे वरच्या जागांवरून दृष्टीआड काही येत नाही. पण बसलेला प्रेक्षक उभा राहतो. तुम्ही निवडलेल्या जागेच्या पुढच्या दोन रांगांत सहकाऱ्याला उभं करा, हात वर करायला सांगा आणि मगच त्या जागेवर खूण करा. पुढच्या खुर्च्या काढाव्या लागणार असतील तर तिकीटविक्री सुरू होण्याआधी आयोजकांना कळवावं लागतं. विकलेली खुर्ची परत मिळत नाही.

रात्री दिवे लागले की सुपर-स्लो कॅमेरा चालवून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या डोळ्यांना स्थिर दिसणारा दिवा स्लो-मोशनमध्ये लुकलुकतो. हे सामन्याच्या दिवशी पहिल्या रिप्लेला कळलं तर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

सोबत न्यायचं सामान: लांब मोजपट्टी, होकायंत्र, टॉर्च, खडू आणि रंगीत चिकटपट्टी, स्टेडियमचा छापील नकाशा, आणि ज्याच्याकडे किल्ल्या आहेत असा स्टेडियमचाच एक माणूस. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

४. कॅमेरा प्लॅन: काय चुकवायचं नाही, तिथून सुरू करा

क्रिकेटला दोन्ही टोकांना गोलंदाजाच्या मागे उंचावर मुख्य कॅमेरे लागतात, कारण षटक संपलं की टोक बदलतं. मग मिड-विकेट, क्रीजच्या रेषेत रनआउटचे स्थिर कॅमेरे, स्टंपमधला कॅमेरा आणि माइक, सीमारेषेवरचे हँडहेल्ड, स्लो-मोशन. डीआरएसच्या बॉल ट्रॅकिंगचे कॅमेरे वेगळेच असतात, सहसा सहा, उंचावर घट्ट बसवलेले. ते आधी लावा आणि एकदा त्यांचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळवणी) झालं की त्या जागी कुणालाही फिरकू देऊ नका. तिथल्या कठड्याला झालर लावायला चढलेला सजावटवाला मी स्वतः खाली उतरवलाय.

फुटबॉलची गोष्ट निराळी. मुख्य कॅमेरा मध्यरेषेवर, उंच, आणि सूर्य पाठीशी म्हणजे पश्चिमेच्या स्टँडमध्ये. बाकीचे बहुतेक कॅमेरे त्याच बाजूला. समोरच्या बाजूने दाखवलं की संघ उलट दिशेला पळताना दिसतात आणि घरी बसलेला माणूस गोंधळतो. समोरून घेतलेलं दृश्य फक्त रिप्लेला.

यादी करताना मी एक युक्ती वापरते. २ नोव्हेंबर २०२५ चा भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना मी घरी, जुईनगरला, आईसोबत पाहिला, आणि नंतर पुन्हा वही घेऊन पाहिला. अमनजोत कौरच्या थेट फेकीवर ताझमिन ब्रिट्स धावबाद झाली: तिथे क्रीजच्या रेषेतला कॅमेरा हवाच. शतक झळकावलेल्या लॉरा वोल्वार्टचा झेल अमनजोतच्या हातातून उसळला, पुन्हा उसळला आणि मग विसावला: तिथे सीमारेषेकडे रोखलेला स्लो-मोशन. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे धावत घेतला. सामना संपल्यावर ती प्रशिक्षक अमोल मुझुमदारांच्या पाया पडली, आणि मग चषक माजी खेळाडू मिताली राज, झूलन गोस्वामी यांच्या हातात गेला: तिथे बिनतारी कॅमेरा, आणि सावध ऑपरेटर. तुम्हीही असा एखादा सामना घ्या. दहा क्षण लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की हा कुठल्या कॅमेऱ्याने दिसला. ज्या कॅमेऱ्यापुढे काहीच येत नाही तो बजेट कमी करताना पहिला सोडता येतो.

बजेटचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. ‘महिलांचा सामना आहे, निम्मे कॅमेरे पुरतील’ हे वाक्य मी बैठकीत ऐकलंय आणि त्याला विरोधही केलाय. रनआउटचा कॅमेरा कमी केला तर निर्णय चुकतो, आणि तो खेळाडूवर अन्याय असतो. तुम्ही ज्युनिअर असलात तरी हे बोला.

सुरुवातीच्या दृश्यांबद्दलही असंच. बाहेरून आलेल्या टीमला गेटवे ऑफ इंडिया हवा असतो. नेरुळचा सामना नेरुळसारखा दिसू द्या. पारसिकचे डोंगर आहेत, वाशीची खाडी आहे, पाम बीच रोडची रात्रीची वळणं आहेत, आणि हिवाळ्यात पाणथळीवर उतरणारे रोहित पक्षी आहेत.

५. केबल आणि वीज

सर्वात जास्त वेळ इथे द्या. कॅमेरा बिघडला तर एक चित्र जातं. वीज गेली तर सगळंच.

नकाशावर प्रत्येक केबलची वाट रंगाने काढा: कुठून निघते, कुठल्या जिन्याने चढते, कुठला दरवाजा ओलांडते. मग एकच प्रश्न विचारत ती वाट पायी चाला: सामन्याच्या दिवशी इथे कोण उभं असेल? दरवाज्यात केबल असेल तर ती चौकटीवरून वर न्या किंवा रबरी रॅम्पखाली घाला. लांबी मोजताना उतार, वळण आणि शेवटी कॅमेऱ्यापाशी गुंडाळी ठेवायला जागा, हे सगळं धरा. नकाशावरचे शंभर मीटर जिन्यांवर एकशे तीस होतात.

फायबरच्या कनेक्टरवर धुळीचा एक कण बसला तरी चित्र जातं. टोपी काढली की लगेच पुसायचं, लगेच जोडायचं. पॅन्टला पुसून जोडणारा नवखा मुलगा दिसला तर ओरडू नका, त्याच्या हातात साफ करायचं पेन द्या आणि दाखवा. जोड जमिनीवर ठेवू नका. दुधाचे प्लास्टिकचे क्रेट उलटे ठेवून त्यावर जोड ठेवले की पाणी साचलं तरी चिंता नाही.

ओबी व्हॅन, म्हणजे प्रक्षेपणाचा कंट्रोल रूम असलेला ट्रक, स्टेडियमच्या विजेवर चालवू नका. दोन जनरेटर, एकावरून दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय, आणि रिप्लेच्या सर्व्हरला यूपीएस. अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्या, नाहीतर आवाजात ‘हूं’ असा गुणगुणाट येतो आणि तो शोधायला अर्धा दिवस जातो. डिझेल प्रेक्षकांचे दरवाजे उघडण्याआधी भरून घ्या. गर्दी आत आली की टँकरला कुणी आत सोडत नाही.

६. सिग्नल बाहेर कसा जाणार

मुख्य लाइन फायबर, राखीव दुसरा फायबर, आणि तिसरा पर्याय उपग्रहाचा. जोराच्या पावसात उपग्रहासाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँडचा सिग्नल क्षीण होतो. म्हणून उपग्रह एकटा पुरत नाही.

सापळा असा आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणून आपण निश्चिंत होतो. एका कामात माझ्या दोन्ही लाइन रस्त्याकडेला एकाच चरातून गेलेल्या होत्या. जेसीबीच्या एकाच फावड्यात दोन्ही गेल्या. सुदैवाने तो रिहर्सलचा दिवस होता. तेव्हापासून मी दोन्ही कंपन्यांकडून लेखी मार्ग मागते आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरते. रेषा एकावर एक आल्या तर एक लाइन बदलते.

७. परवानग्या आणि कागदपत्रं

एका फाइलमध्ये, दोन छापील प्रतींसह:

– आयोजकांचं हक्कपत्र आणि मैदानात काम करण्याची परवानगी
– पोलिस आणि वाहतूक शाखेची पत्रं, सगळ्या गाड्यांच्या नंबरांसह
– ओळखपत्रांसाठी प्रत्येकाचा फोटो आणि सरकारी ओळखपत्राची प्रत. नाव कागदावर आहे तसंच लिहा, हाक मारायचं नको
– बिनतारी कॅमेरे, माइक, वॉकी-टॉकीच्या फ्रिक्वेन्सीची यादी आणि दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची मंजुरी
– परदेशातून येणाऱ्या सामानाची यादी, प्रत्येक वस्तूच्या सिरियल नंबरसह, कस्टम्ससाठी
– सामानाचा आणि माणसांचा विमा
– जनरेटर, क्रेन, मचाण यांची तपासणीची प्रमाणपत्रं
– गेटपास, आत नेलेल्या प्रत्येक पेटीचा

ड्रोनचा विचार असेल तर आता जास्त काळजी हवी. उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडताहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून जवळ वेगळी परवानगी लागते. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा पाहिल्याशिवाय दिग्दर्शकाला ‘हो’ म्हणू नका. तसंच ट्रक पाम बीच रोडने आणायचं ठरवू नका, तो रस्ता अवजड वाहनांसाठी नाही. सायन-पनवेल हायवेने आणा, तेही रात्री.

८. माणसं

कॉल शीटवर (कुणी कधी, कुठे हजर व्हायचं त्या कागदावर) वेळ लिहिताना ‘भारतीय वेळ’ हे शब्द प्रत्येक ओळीत लिहा. परदेशी सहकारी आपला अर्धा तास विसरतात. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास मागे जातात. २०२५ मध्ये तो रविवार २६ ऑक्टोबरला, ऐन विश्वचषकात आला. आपले दुपारचे तीन म्हणजे शनिवारी लंडनचे साडेदहा होते, रविवारी साडेनऊ झाले. ज्या लाइन लंडनहून बुक होतात त्या त्या आठवड्यात दोनदा तपासा.

दिवस-रात्र सामना रात्री उशिरा संपतो, मग सामान आवरायचं. शेवटची लोकल धरून डोंबिवलीला जायचंय या विचारात असलेला केबलवाला घाईत चूक करतो. परतीच्या गाड्या आधी ठरवा आणि ‘गाडी आहे’ हे सकाळीच सांगा. दोन पाळ्यांमध्ये झोपेला किमान आठ तास सोडा. वरच्या जागेवर बसलेला ऑपरेटर डावात उठू शकत नाही, त्याच्यापर्यंत डबा आणि पाणी पोचवणारं माणूस नेमा, नावानिशी. वरच्या मजल्यावरची बायकांची स्वच्छतागृहं सामन्याच्या दिवशी बंद नाहीत ना, हे रेकीलाच पाहा. मी दोन मैदानांवर ती कुलूपबंद पाहिली आहेत.

९. पाऊस

दिवाळी झाली म्हणजे पाऊस गेला, हे या मैदानावर धरून चालू नका. ११ नोव्हेंबर २००९ ला इथला भारत-ऑस्ट्रेलिया सामना फयान चक्रीवादळाच्या पावसात एकही चेंडू न पडता रद्द झाला. २०२५ च्या विश्वचषकात २३ ऑक्टोबरला भारताच्या न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात षटकं कमी झाली, २६ ला बांगलादेशविरुद्धचा सामना अर्धवट राहिला आणि अंतिम सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला.

त्या दोन तासांत पडद्यावर काय दिसणार, हे तुमच्या कागदावर आधीच असायला हवं: मुलाखतींच्या नावांची यादी, जुन्या सामन्यांची तयार पॅकेजेस, छताखाली उभं राहून बोलायची जागा, तिथवर पोचलेली केबल. प्रत्येक कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर, जाड प्लास्टिक, कोरडी फडकी, सिलिका जेल. आणि एक हेअर ड्रायर, ओला कनेक्टर वाळवायला याच्याइतकं काहीच उपयोगी नाही. लेन्स एसी खोलीतून थेट ऑक्टोबरच्या दमट हवेत आणली तर काचेवर धुकं धरतं आणि पुसून जात नाही. तासभर आधी पेटी उघडून बाहेर सावलीत ठेवा.

१०. सामन्याचा दिवस आणि नंतर

सगळे कॅमेरे सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चालू करून पूर्ण तालीम घ्या. सामन्याच्या दिवशी सहा तास आधी लाइनअप (सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकसारखी जुळवणं), चार तास आधी टॉकबॅकवर, म्हणजे टीमच्या आपसात बोलायच्या लाइनवर, प्रत्येकाचा आवाज ऐका, नाव घेऊन. त्यानंतर प्लॅन बदलायचा नाही. कुणी कितीही मोठ्या पदावरून सुचवलं तरी ‘पुढच्या सामन्याला करू’ म्हणा.

शेवटचा चेंडू पडल्यावर एकही केबल काढायची नाही, जोपर्यंत दिग्दर्शक टॉकबॅकवर स्वतः ‘रॅप’, म्हणजे काम संपलं, म्हणत नाही. चषकाचे, पालकांचे, रिकाम्या खेळपट्टीवर बसलेल्या खेळाडूचे क्षण त्यानंतरच येतात. मग लांबच्या कॅमेऱ्यांपासून आवरायला सुरुवात करा. बॉक्स लेन्स (लांबचं टिपणारी मोठी, पेटीसारखी लेन्स) एकट्याने उचलू देऊ नका, ती वीस किलोच्या वर असते आणि जिने अंधारात असतात. पेट्या मोजा, गेटपासवर सही घ्या, त्याचा फोटो काढा. स्टेडियमच्या किल्ल्या ज्याच्याकडून घेतल्या होत्या त्याच्याच हातात द्या, आणि त्याने दिवसभरात काही खाल्लंय का ते विचारा.